देव सोबत आहे हे जाणवेनासं होतं, तेव्हा नेमकं काय करायचं?

सांजवात
संकटात सापडलेल्या माणसाला ‘देवावर विश्वास ठेव’ असं सांगणारे ढिगाने भेटतात. ठेव म्हणजे काय कर, हे मात्र कोणी सांगत नाही. हा धागा तेवढ्यासाठीच आहे. चमत्कार आणि अनुभवकथनं इथे नकोत, त्यांचे धागे भरपूर आहेत. रीत काय, प्रमाण किती, कुठे फसतं आणि का फसतं, एवढंच लिहू या. पंथाची अट नाही.

सुरुवात शरणागतीच्या सहा अंगांपासून करतो. पांचरात्र या वैष्णव परंपरेतला हा श्लोक बऱ्याच जणांना पाठ असेल. देवाला रुचेल ते करण्याचा संकल्प, रुचणार नाही ते सोडणं, ‘तो रक्षण करील’ हा विश्वास, ‘तूच सांभाळ’ असं म्हणून त्याला राखणदार निवडणं, स्वतःला त्याच्या हवाली करणं आणि आपलं दुबळेपण कबूल करणं. विश्वास तिसऱ्या क्रमांकावर आहे, हे ध्यानात घ्या. आधीच्या दोन गोष्टी करायला काही ‘जाणवावं’ लागत नाही. म्हणजे विश्वास वाटेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. पहिल्या दोन पायऱ्या चढा, तिसरी पुढे येतेच.

आडवाट
थोडं थांबा. त्या श्लोकातला क्रम अनुष्टुभ छंदात बसवलेला आहे, त्यावरून जिना बांधू नका. ती अंगं आहेत, पायऱ्या नव्हेत. हाताच्या आधी पाय येतो का?

उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. सहापैकी एक अंग लुळं पडलं तरी उरलेली पाच काम करतात. विश्वास ज्या दिवशी अजिबात वाटत नाही, त्या दिवशीही ‘मी दुबळा आहे’ हे कबूल करता येतं. ‘सांभाळ’ असं तोंडाने म्हणता येतं. एखादी वाईट गोष्ट त्या दिवसापुरती टाळता येते. बहुतेक लोक विश्वास डळमळला की बाकीची पाचही सोडून देतात, आणि मग विश्वास परत यायला जागाच उरत नाही.

सांजवात
मान्य. ‘पायऱ्या’ हा शब्द मागे घेतो.

करडा_कागद
रोजच्या साधनेच्या प्रमाणाबद्दल लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात.

संकट आलं की माणूस साधना वाढवतो. एरवी एक माळ करणारा अकरा माळा धरतो, पारायण बोलतो, उपास सुरू करतो. आठव्या-नवव्या दिवशी दवाखाना, कोर्ट, पैसे, जागरण यांत ते मोडतं. मग मूळ संकट राहतं बाजूला आणि ‘माझ्याकडून खंड पडला, आता देव रागावणार’ हे नवं संकट उभं राहतं.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत साधना वाढवायची नाही, उलट निम्मी करायची. नेहमी वीस मिनिटं बसत असाल तर दहा मिनिटं बसा. मुळीच काही करत नसाल तर पाच. वेळ एक, जागा एक, शब्द तेच. यातलं काही रोज ठरवावं लागलं तर ते टिकत नाही, कारण अशा दिवसांत ठरवण्याची ताकदच आधी संपलेली असते. एखादा दिवस चुकला तर भरपाई करायची नाही. काल राहिलेली माळ आज जोडली की आजचं ओझं दुप्पट होतं आणि उद्या दोन्ही राहतात. चुकलं ते चुकलं, आज नेहमीचंच करायचं.

शब्द स्वतः रचायच्या भानगडीत पडू नका. घाबरलेल्या मनाला वाक्य जुळवता येत नाही. पाठ असलेलंच कामी येतं. भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्र मगरीच्या तोंडी सापडतो, हजार वर्षं झुंजतो, आणि शेवटी जे स्तोत्र म्हणतो ते त्या क्षणी सुचलेलं नसतं. तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात स्पष्ट म्हटलं आहे की मागच्या जन्मी शिकलेला जप त्याने केला. आपण मागच्या जन्माचं सोडू, पण पाठांतर पाण्यात पडण्याआधीचं हवं, एवढं तरी त्यातून घ्यावं.

तीन मापांचं पाठ करून ठेवा:

- एका श्वासात बसेल असं नाम किंवा चार-पाच शब्दांची ओळ. धक्का बसतो तेव्हा एवढंच आठवतं.
- चार ते सहा ओळींची प्रार्थना, अभंग किंवा श्लोक. वाट बघण्याच्या जागांसाठी.
- पाच-दहा मिनिटं चालेल असं मोठं काहीतरी, रात्रीसाठी.

पाठ करायची रीत अशी. रोज दोनच ओळी. रात्री झोपताना न बघता म्हणायच्या, सकाळी उठल्याबरोबर पुन्हा न बघता म्हणायच्या, अडलं तरच बघायचं. बारा ओळी सहा दिवसांत होतात. पण त्यानंतर तीन आठवडे रोज एकदा म्हटल्या नाहीत तर ऐन वेळी पहिल्या दोनच ओळी आठवतात. मोबाइलवर सेव्ह करून ठेवणं म्हणजे पाठांतर नव्हे. मोबाइल हातात घेतला की आधी दुसरंच काहीतरी उघडलं जातं.

उलटतपासणी
प्रामाणिक शंका आहे, खोडी नाही. एकच शब्द शंभर वेळा म्हटला की कोणालाही शांत वाटेल. त्यात देव कुठे आला? २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ निरोगी माणसांवरचा एक अभ्यास आला होता. ख्रिस्ती लोकांची लॅटिन जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे’ मंत्र, दोन्हींनी श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत मंदावतो आणि हृदयाच्या लयीत त्याचा फायदा दिसतो. मग याला शरीरशास्त्र म्हणा की.

करडा_कागद
म्हणू की. श्वास मंदावल्याने शांत वाटतं हे खरंच आहे, आणि ते जपाला वापरूनही घ्यावं. नाम श्वास सोडताना म्हणा, घेताना गप्प राहा. घाई आपोआप कमी होते. १०८ मण्यांची माळ आहे म्हणून एका दमात संपवायची नसते. छोटं नाम असेल तरी निदान चार-पाच मिनिटं लागायला हवीत. दीड मिनिटात होत असेल तर तुम्ही मणी मोजताय.

पण शांत वाटणं आणि ‘मी एकटा नाही’ असं धरून वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शरीराची, दुसरी नात्याची. शांत वाटलं म्हणजे देव आला आणि नाही वाटलं म्हणजे गेला, असं जपाला थर्मामीटर बनवणं हीच खरी चूक. तुमच्या शंकेचा भक्तांना उलट उपयोगच आहे.

पिंपळपान
तक्रारीच्या प्रार्थनेवर कोणी लिहिलं नाही अजून. माझ्या मते हा या विषयाचा गाभा आहे आणि आपल्याकडे तोच दाबला जातो. ‘देवाला जाब विचारू नये’ हे कोणी शिकवलं कोण जाणे. तुकोबांच्या गाथेत विठ्ठलाशी भांडणाचे अभंग थोडेथोडके नाहीत, आणि १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात घर आणि धंदा दोन्ही उद्ध्वस्त झालेल्या माणसाचे ते आहेत. समर्थांची करुणाष्टकं ‘अनुदिनि अनुतापे तापलो’ असं स्वतःची होरपळ सांगतच सुरू होतात. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र बघा. सहाच वचनं, आणि पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा.

या विलापगीतांना एक सांगाडा आहे, तो उचलून वापरता येतो. वही घ्या, पंधरा मिनिटांचा गजर लावा.

पहिली ओळ हाक. देवाला ज्या नावाने हाक मारता ते नाव, पुढे स्तुतीची विशेषणं नकोत. मग तक्रार, सात-आठ ओळी. ती नेमकी हवी. ‘आयुष्य वाईट चाललंय’ हे चालणार नाही. ‘तीन महिने झाले, पगार नाही, आणि घरी सांगायची हिंमत होत नाही’ असं हवं. मग मागणं, एक किंवा दोनच, आणि तेही पुढच्या आठवड्यात घडलं की नाही हे कळेल असं. चौथी गोष्ट ‘तरीही’. मोठा विश्वास नको, आज जेवढा खरा आहे तेवढाच. ‘तरीही मी तुझ्याशीच बोलतोय’ एवढंच खरं असेल तर एवढंच लिहा. शेवटी, आज स्वतः काय करणार त्याची एक ओळ.

फसतं ते चौथ्या भागात. लोक खोटं लिहितात. तक्रारीच्या आठ ओळी खऱ्या आणि मग एकदम ‘पण तू दयाळू आहेस, सर्व काही भल्यासाठीच’ असं पुस्तकी वाक्य. मनाला खोटं लगेच कळतं आणि दुसऱ्या दिवशी वही उघडावीशी वाटत नाही. ‘तरीही’ लिहायला काहीच नसेल तर जागा कोरी सोडा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तिथे कलाटणी येतच नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे.

आठवड्यातून दोनदा पुरे. रोज लिहिलं की तक्रार मुरत जाते आणि वाचून वाचून तीच पाठ होते.

मोरपंखी
पण तक्रार करणं म्हणजे श्रद्धा ढळणं नाही का? असे विचार मनात आले तरी पाप लागतं असं ऐकत आलेय.

पिंपळपान
मोरपंखी, यासाठी व्याकरणाची एक सोपी कसोटी आहे. तुमचं वाक्य ‘तू’ने चालतंय की ‘तो’ने, ते बघा. ‘तू माझ्याशी असं का वागलास?’ ही प्रार्थना. ‘तो असाच वागतो’ ही देवाच्या पाठीमागे केलेली चर्चा. पहिल्यात नातं शाबूत आहे. भांडण त्याच्याशीच करतात, जो समोर आहे असं आपण धरतो.

तेविसावं स्तोत्र, मेंढपाळाचं, या दृष्टीने पुन्हा वाचा. पहिल्या तीन वचनांत देवाबद्दल ‘तो’ आहे: तो हिरव्या कुरणात नेतो, तो पाण्याजवळ नेतो. चौथ्या वचनात अंधारी दरी येते आणि तिथेच ‘तो’चा ‘तू’ होतो: तू माझ्याबरोबर आहेस. हिरवळीवर देवाविषयी बोलता येतं. दरीत देवाशी बोलावं लागतं.

आणि पापाचं म्हणाल तर गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारच्या भक्तांची यादी आहे: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी. दुःखाने हाक मारणारा आर्त त्यात सर्वांत आधी घेतला आहे. ज्ञानी वरचढ ठरवलाय हे खरं, पण दोनच श्लोकांनंतर सगळ्यांनाच ‘उदार’ म्हटलं आहे. आर्ताला तिथे कोणी दारातून परत पाठवलेलं नाही.

आडवाट
आर्ताचं नाव आधी आलं तेही छंदामुळेच असेल. 🙂 बाकी ‘तू’ आणि ‘तो’ची कसोटी उत्तम.

रिकामी_ओंजळ
आता मूळ प्रश्नाकडे. ‘जाणवत नाही’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या अवस्था येतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. इथे गल्लत झाली तर नुकसान होतं.

एक, थकवा. झोप नाही, जेवण वेळेवर नाही, धावपळ. अशा वेळी देवच काय, समोरचं माणूसही धड जाणवत नाही. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट याबाबतीत फार व्यवहारी आहे (१ राजे, अध्याय १९). तो झाडाखाली पडून मरण मागतो. त्याला उपदेश मिळत नाही. दूत येऊन उठवतो, भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल. देवाचा मंद आवाज त्याच्याही नंतर, आणि शेवटी नेमकी कामं सांगितली जातात. अन्न, झोप, चालणं, मग वाणी, मग काम. आपण उलट करतो: उपाशीपोटी, जागरणात वाणी ऐकायला बसतो.

दोन, साधनेतला कोरडेपणा. शरीर ठीक आहे, कामं होताहेत, पण प्रार्थना लाकडासारखी. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताने यावर जे नियम लिहिले, त्यांतले दोन कोणत्याही मार्गाच्या माणसाने वापरावेत. पहिला: कोरड्या काळात आधीचा निर्णय बदलायचा नाही. बरं असताना, डोकं स्वच्छ असताना जे ठरवलं, त्यावर राहायचं. लग्न, नोकरी, साधना सोडणं, गुरू बदलणं, यांतलं काहीही त्या काळात ठरवू नये, कारण त्या काळात सल्ला देणारा आवाज निराशेचा असतो. दुसरा: बसायची ठरलेली वेळ कोरडी गेली तर लवकर न उठता उलट थोडं जास्त बसायचं. दहा मिनिटं ठरली असतील तर अकरा. अर्धा तास नव्हे, अकराच. आपण पळत नाही एवढंच स्वतःला दाखवायचं असतं.

(करडा_कागद म्हणतात निम्मं करा, मी म्हणतोय मिनिटभर वाढवा. विरोध नाही यात. निम्मं करायचं ते धावपळीच्या संकटात, मिनिट वाढवायचं ते सगळं सुरळीत असूनही कंटाळा आला तर.)

तीन, आजार. जवळपास रोज, दिवसातला बराचसा वेळ, दोन आठवडे किंवा जास्त मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण कुचकामी आहोत असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो. प्रार्थना सोबत चालू ठेवा, ऐवजी नको. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोपर्यंत माणसाला एकटं सोडायचं नाही.

दोन आणि तीन यांतला फरक ओळखायची एक खूण: नुसत्या कोरडेपणात माणूस हसतो, गप्पा मारतो, काम करतो, फक्त प्रार्थना सुकलेली असते. आजारात सगळंच सुकतं. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून शंका असेल तर आधी डॉक्टर. गोळी घेतली म्हणजे श्रद्धा कमी पडली असं म्हणणाऱ्यांना चष्मा काढून पोथी वाचायला सांगा.

मोरपंखी
आणि ज्यांना बसायलाच वेळ नाही? घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर पाच मिनिटंही सलग मिळत नाहीत.

सांजवात
मग वेळ शोधू नका, काम शोधा. जनाबाईंच्या अभंगांत दळण, कांडण, शेण वेचणं असं सगळं आहे आणि विठ्ठल त्याच कामांत हात लावतो. देवघरात बसलेली जनी तिथे फारशी दिसतच नाही. दिवसभरात हमखास होणारी तीनच कामं निवडा: हात धुणं, औषध काढणं, दिवा मालवणं. प्रत्येकाला एक ओळ बांधा, तीच ओळ, रोज त्याच कामाला. तीनपेक्षा जास्त बांधू नका, विसरायला होतं. पहिला आठवडा निम्म्या वेळा आठवणारच नाही. आठवेल तेव्हा म्हणायचं.

उलटतपासणी
भेटायला येणाऱ्यांनी काय बोलावं हेही लिहा कोणीतरी. संकटापेक्षा सांत्वनानेच माणूस जास्त खचतो.

पिंपळपान
शंभर टक्के. बायबलमधल्या, संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे तीन मित्र हे यातलं जुनं उदाहरण. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर उत्तम. मग तोंड उघडलं आणि ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ हे पटवायला अध्यायच्या अध्याय घालवले. शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या मित्रांवरच रागावतो. भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

म्हणून ‘देवाची इच्छा’, ‘मागचे भोग’, ‘देव परीक्षा बघतोय’, ‘सोसेल तेवढंच देतो’ ही चार वाक्यं बंद. ती खोटी आहेत की खरी हा वाद वेगळा. भोगणारा स्वतः म्हणू शकतो, बाहेरच्याने म्हणायची नाहीत. कुंती भागवतात ‘संकटं पुन्हा पुन्हा येवोत, त्यांत तुझं दर्शन होतं’ असं म्हणते, ते ती स्वतःच्या संकटांविषयी म्हणते. तेच वाक्य शेजारणीने म्हटलं तर क्रौर्य होईल.

काय करावं? वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, कोणी सांगत नाही. ‘उद्या रात्री आठ ते दहा मी दवाखान्यात बसतो, तू झोप’ असं म्हणा. प्रार्थना करायची असेल तर विचारून, दोन वाक्यांत, आणि त्यात त्या माणसाला टोमणा नको (‘देवा, याला सुबुद्धी दे’ छापाचा).

करडा_कागद
नवसाचं राहिलं. संकटात बोललेला नवस संकट सरल्यावर फेडताना कर्ज होतो. बोलायचाच असेल तर तीन गोष्टी पाळा. स्वतःपुरता बोला, मुलाच्या किंवा नवऱ्याच्या वतीने नको. ज्याला शेवट आहे असा बोला; ‘आयुष्यभर’ हा शब्द नको. आणि रात्री बोलायचा झाल्यास कागदावर लिहून ठेवा, सकाळी जेवल्यावर वाचा, तेव्हाही योग्य वाटला तरच तो धरा.

तसंच शकुन. डोळे मिटून पोथीचं पान उघडणं, अकरा जणांना पाठवा वगैरे निरोप. नको असलेलं उत्तर आलं की दुसऱ्यांदा पान उघडलं जातं, तिसऱ्यांदाही. तिथे आपण देवाला विचारत नसतो, आपल्या भीतीला विचारत असतो.

मोरपंखी
शेवटचं एकच. रात्री तीनला जाग येते आणि मग डोक्यात चक्र. तेव्हा जप करायचा की वही घ्यायची?

रिकामी_ओंजळ
वही नाही. रात्री तीनची तक्रार दुपारी तीनच्या तक्रारीच्या चौपट मोठी दिसते. मोठा दिवा लावू नका, घड्याळ बघू नका. पडल्या पडल्या ते पाठ केलेलं मोठं स्तोत्र अगदी हळू म्हणा, श्वास सोडताना एक ओळ. मध्येच विसरलात तर आठवायचा आटापिटा नको, पुन्हा पहिल्या ओळीपासून. वीसेक मिनिटांत झोप नाही आली असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, तिथेही तेच म्हणा, डोळे जड झाले की परत या. काही महत्त्वाचं आठवलंच तर उशाशी कागद ठेवा, त्यावर एक शब्द लिहा. वाक्य नाही, एक शब्द.

मोरपंखी
आणि म्हणता म्हणता अर्ध्यातच झोप लागली तर? अर्धवट राहिलेलं चालतं?

रिकामी_ओंजळ
चालतं. ती ओळ तिथेच सोडा, सकाळी पूर्ण करायला जाऊ नका.